रंगवलेले केस घरी कसे सांभाळावेत? रंग लवकर विटतो आणि टोके राठ होतात

निळीशाई

नमस्कार. माझे केस खांद्याच्या बरेच खाली येतात आणि मी ते घरीच लालसर तपकिरी रंगाने रंगवते. खोक्यावर ‘परमनंट’ असे लिहिलेले असते. तरीही काही आठवड्यांतच लाल छटा विटते आणि तिच्या जागी नारिंगी-पिवळट रंग दिसू लागतो, जो ना माझ्या मूळच्या केसांचा असतो ना खोक्यावरच्या चित्रातला. मुळांशी पांढरे दिसू लागले की मी पुन्हा सगळ्या केसांना रंग लावते. आता टोके गडद झाली आहेत आणि इतकी राठ, की कंगवा तिथे हमखास अडकतो. व्यायामामुळे घाम येतो, म्हणून केस जवळजवळ रोज धुतले जातात. सल्फेट नसलेला शाम्पू वापरून पाहिला, शेवटी थंड पाणीही घेऊन पाहिले, पण फारसा फरक जाणवला नाही. सलूनमध्ये नियमित जाणे शक्य नसल्यामुळे घरच्या घरी नेमके काय बदलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानगळ

शाम्पू बदलण्याआधी केस धुणे कमी करा. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा पुरे. व्यायामाच्या आधी केस वर बांधावेत आणि नंतर टाळूवरचा घाम ड्रायरच्या गार हवेवर वाळवून घ्यावा. एखाद्या दिवशी तेवढ्यावर भागते. न्हाताना शॉवर-कॅप घालायला विसरू नका, कारण शाम्पू न लावता नुसते भिजलेले केसही रंग सोडतात.

सूक्ष्मदर्शी

पानगळ यांनी शेवटी जे सांगितले आहे, तेच या प्रश्नाचे मर्म आहे, म्हणून त्यामागचे कारण थोडे सविस्तर लिहितो.

परमनंट रंगात अमोनिया किंवा तत्सम अल्कधर्मी पदार्थ असतो. त्यामुळे केस फुगतो आणि त्यावरचे खवल्यांसारखे आवरण सैल होते. मग हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन दोन कामे करते: केसातले नैसर्गिक रंगद्रव्य काही प्रमाणात फिके करते आणि रंगाच्या लहान, बिनरंगी रेणूंना एकमेकांशी जोडून मोठे रंगीत रेणू तयार करते. हे मोठे रेणू सहज बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून या प्रकाराला परमनंट म्हणतात. पण ‘सहज नाही’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होत नाही. केस पाण्यात भिजला की पुन्हा फुगतो आणि प्रत्येक धुण्यात थोडा रंग बाहेर जातो. लाल छटांच्या बाबतीत हे विशेष लवकर घडते. आपल्याला दिसणारा नारिंगीपणा नवा आलेला नाही. पेरॉक्साइडने आपले मूळ रंगद्रव्य फिके केले, तेव्हाच तो तयार झाला होता. वरचा रंग विरळ झाल्यावर तो उघडा पडतो.

रंग जाण्यात पाण्याचाच वाटा मोठा असल्यामुळे सल्फेट नसलेल्या शाम्पूने चमत्कार होईल, ही अपेक्षा ठेवू नये. तो सौम्य असेल तर जरूर वापरावा. पण रोज सौम्य शाम्पूने धुण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड साध्या शाम्पूने धुतलेले केस रंग अधिक टिकवतात, असे माझे मत आहे. थंड पाण्याचेही तसेच. कढत पाण्याने केस जास्त फुगतो आणि रंग लवकर सुटतो, हे खरे आहे, म्हणून पाणी कोमट घ्यावे. शेवटच्या तांब्याभर गार पाण्याने मात्र आवरण ‘बंद’ वगैरे होत नाही. हुडहुडी तेवढी भरते.

टोकांच्या राठपणाचे कारण वेगळे आहे. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो, ज्यामुळे पाणी त्यावरून ओघळून जाते आणि केस एकमेकांवरून घसरतात. अल्कधर्मी पेरॉक्साइड हा थर काढून टाकते आणि तो परत येत नाही, कारण त्वचेबाहेर आलेला केस हा निर्जीव तंतू असतो आणि तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. कंडिशनरचे महत्त्व इथे आहे. रंगवलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असतात, त्यामुळे जिथे केस जास्त खराब झाला आहे तिथेच ते अधिक चिकटतात. तेव्हा दर धुण्यानंतर कंडिशनर लावावाच, कानाच्या पातळीपासून खाली, आणि तो केसांवर असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर येत गुंता सोडवावा. धुण्याच्या काही तास आधी लांबीला खोबरेल तेल लावल्यास ते केसाच्या आत शिरते आणि भिजताना होणारे फुगणे व प्रथिनांची झीज कमी करते. बहुतेक खनिज तेले पृष्ठभागावरच राहतात. टॉवेलने केस घासू नयेत, दाबून पाणी टिपावे. स्ट्रेटनर ओल्या केसांवर कधीच फिरवू नये. कोरड्या केसांवर वापरायचाच असेल तर उष्णतेपासून संरक्षण देणारे क्रीम लावून, १८० अंश सेल्सिअसच्या वर न जाता वापरावा. उष्णतेने आणि कडक उन्हानेही रंग फिकट होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता टच-अप, कारण आपल्या टोकांचा गडदपणा तिथूनच आलेला आहे. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. म्हणजे सहा आठवड्यांनी रंगवण्याजोगा भाग फक्त दीड सेंटीमीटर असतो. बाकी संपूर्ण लांबीवर पेरॉक्साइड पुन्हा लावण्याचे कारणच नाही. शेपटीच्या कंगव्याने केसांचे चार भाग करावेत, जिथे पांढरे जास्त दिसते तिथून, म्हणजे बहुधा भांग आणि कानशिलांपासून, सुरुवात करावी आणि बोटभर जाडीच्या बटा उचलून ब्रशने फक्त नवीन वाढीवर रंग लावावा. जुना रंग जिथे सुरू होतो, त्या रेषेच्या किंचित अलीकडेच ब्रश थांबवावा, कारण मिश्रण स्वतःहून थोडे पसरते. रंग लावण्यापूर्वी टोकांना कंडिशनरचा हात फिरवून ठेवला, तर धुताना ओघळणारा रंग तिथे बसत नाही. पांढरे झाकण्यासाठी सहसा ६ टक्के पेरॉक्साइडचा, म्हणजे २० व्हॉल्यूमचा डेव्हलपर (रंगात मिसळायचे पेरॉक्साइडचे मिश्रण) पुरतो. त्याहून तीव्र घेतल्यास पांढरे अधिक झाकले जाईल, हा समज चुकीचा आहे. त्याने मूळ रंग जास्त उडतो आणि नंतरचा नारिंगीपणाही वाढतो. लांबीवरची विटलेली छटा उजळण्यासाठी पेरॉक्साइड नसलेला सेमी-परमनंट रंग किंवा रंगीत कंडिशनर वापरावा. तो काही धुण्यांत उतरतो, पण केसाचे नुकसान करत नाही आणि नारिंगीपणा झाकण्याचे काम व्यवस्थित करतो.

उंबरठा

वरची माहिती उत्तम आहे, पण एक मुद्दा सुटला आहे. घरी रंगवणाऱ्यांनी दर वेळी, म्हणजे वर्षानुवर्षे तोच रंग वापरत असले तरी, ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला खोक्यातल्या सूचनेप्रमाणे चाचणी घ्यावी. गडद परमनंट रंगांत बहुधा पॅराफेनिलीनडायअमिन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याच्या जवळचा पदार्थ असतो आणि त्याची ॲलर्जी अनेक वर्षे काही न होता अचानक उद्भवू शकते. पूर्वी कधी ‘काळ्या मेंदी’चा टॅटू काढून त्वचेवर फोड किंवा पुरळ आले असेल, तर असा रंग वापरूच नये, कारण त्या मेंदीत पुष्कळदा हेच रसायन मिसळलेले असते. रंगवल्यावर पापण्या किंवा चेहरा सुजल्यास घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे जावे, आणि श्वास लागत असेल तर ती तातडीची वेळ समजावी. भुवया आणि पापण्यांना केसांचा रंग कधीही लावू नये.

आणखी एक. रंग नकोसा झाला म्हणून खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे आधीच सैल झालेले आवरण तो आणखी विस्कटतो. तो सल्ला कृपया मानू नका.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. टच-अपबद्दल इतके स्पष्ट मला कुणी सांगितले नव्हते. एकच शंका उरली आहे: पुढच्या दोन बटा मी ब्लीच केलेल्या आहेत आणि पोहायला सुरुवात केल्यापासून त्यांवर हिरवट झाक आली आहे. त्यासाठी जांभळा शाम्पू चालेल का?

सूक्ष्मदर्शी

नाही. जांभळा शाम्पू पिवळेपणा मारतो. हिरवटपणावर त्याचा उपयोग नाही. हिरवी झाक क्लोरीनमुळे येते असे मानले जाते, पण ती मुख्यतः पाण्यातल्या तांब्याची असते आणि ब्लीच केलेला केस तांबे अधिक शोषतो. ईडीटीएसारखा धातू बांधून ठेवणारा घटक असलेला शाम्पू त्या दोन बटांपुरता वापरावा, तोही अधूनमधून, कारण तो रंगही थोडा ओढतो. पोहण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून त्यावर कंडिशनर चोपडावा, वर टोपी घालावी आणि बाहेर आल्यावर लगेच साध्या पाण्याने धुऊन घ्यावेत. ओली बट हलकेच ताणून पाहा. ती रबरासारखी लांबत जाऊन परत आखडत नसेल, तर त्या बटांवर पुन्हा ब्लीच लावू नका, तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा.

निळीशाई

ताणून पाहिले. डावी बट परत आखडते, उजवी अजिबात नाही. उजवी पुढच्या वेळी कापून टाकते.