चांदीच्या शाईच्या रेघेवर पीडीएमएस चॅनेल बसवलं की गळतं

प्रश्न
मिठाच्या पाण्याची वाहकता मोजायची आहे. काचेच्या स्लाइडवर सिरिंजने चांदीच्या शाईचे दोन इलेक्ट्रोड काढतो, वर पीडीएमएसचं (पारदर्शक सिलिकॉन रबर) २०० मायक्रॉन रुंदीचं चॅनेल, म्हणजे पाणी वाहायची बारीक वाट. नक्षी उमटवायचा फोटोमास्क आणि धूळमुक्त क्लीनरूम टाळायचंय. सुई १०० मायक्रॉन, शाई १३० अंशांवर अर्धा तास भाजलेली, रेघ २० मायक्रॉन जाड. प्लाझ्मानंतर (आयनित वायूने पृष्ठभाग चिकटण्याजोगे केल्यावर) पीडीएमएस काचेला पक्कं बसतं, पण पाणी नेमकं रेघेच्या कडेने झिरपतं. शिवाय रेघेच्या सुरुवातीला गोळा येतो आणि ती मध्येच तुटते.

उत्तर १
गळणारच. प्लाझ्माने चिकटायला दोन्ही पृष्ठभाग पूर्ण टेकावे लागतात. २० मायक्रॉनची पायरी आली की पीडीएमएस तंबूसारखं ताणलं जातं आणि रेघेच्या दोन्ही अंगांना फट राहते. त्यात चांदीला ते धरतही नाही.

प्लाझ्मा सोडा, कच्चं पीडीएमएसच गोंद म्हणून वापरा. पीडीएमएस आणि त्याचा हार्डनर यांचं १०:१ मिश्रण कोऱ्या स्लाइडवर ओतून ती मिनिटाला ४००० फेऱ्यांनी दोनेक मिनिटं फिरवा. तयार चॅनेलचा ठोकळा त्या थरावर टेकवून उचला, इलेक्ट्रोडवर ठेवा आणि ६५ अंशांवर चार तास राहू द्या. थर जाड झाला तर चॅनेल बुजतं, म्हणून चॅनेलची उंची ८०-१०० मायक्रॉन तरी हवी. रेघही पातळ करा: दाब तोच ठेवून वेग दुप्पट केला की रेघेचा छेद निम्मा होतो.

उत्तर २
रेघ तुटते ती बहुधा स्लाइड तिरकी असल्यामुळे. ७५ मिमी लांबीत फक्त ०.१ अंशाचा कल म्हणजे टोकाला १३० मायक्रॉनचा फरक, म्हणजे तुमच्या सुईच्या व्यासाहून जास्त! सुई-काच अंतर साधारण सुईच्या आतल्या व्यासाइतकं लागतं. तीन कोपऱ्यांवर उंची मोजून कल भरून काढा, मगच शाईला हात लावा.

गोळा येतो कारण दाब आधी सुरू होतो, हालचाल नंतर. रेघ दोन मिमी अलीकडून, जोडणीच्या पॅडवरून सुरू करा. तिथे गोळा आला तरी बिघडत नाही. शाईतले कण सुईच्या व्यासाच्या दहाव्या भागाहून मोठे नकोत, आणि थांबताना टोक द्रावकात भिजवलेल्या कापडावर ठेवा. सुकलेल्या टोकाशी झगडण्यापेक्षा नवी सुई बरी.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. साचा न करता चॅनेलही थेट सुईने काढता येईल का?

उत्तर ३
येतं, आणि सांधाच उरत नाही. प्लुरॉनिक एफ-१२७ (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) वजनाने ३० टक्के, थंड पाण्यात फ्रीजमध्ये रात्रभर विरघळवा. थंड असताना पातळ, खोलीच्या तापमानाला घट्ट जेल. थंडच भरा, सिरिंज खोलीच्या तापमानाला आली की चॅनेलची रेघ इलेक्ट्रोडवरून काढा, दोन्ही टोकांना मोठे ठिपके द्या. जेल सुकायच्या आत हवा काढलेलं पीडीएमएस ओता. ओव्हनमध्ये घालू नका, जेलमधल्या पाण्याचे बुडबुडे होतात. खोलीतच ४८ तास ठेवा. मग ठिपक्यांवर भोकं पाडा, फ्रीजमध्ये थंड करा आणि गार पाण्याने धुऊन काढा. पीडीएमएस काचेला धरावं म्हणून आधी काच ऑक्सिजन प्लाझ्मात घातली तर चांदी काळवंडते, तेव्हा ती टेपने झाका.

मोजताना डीसी लावू नका. मिठाच्या पाण्यात चांदी झिजते, क्लोराइडचा थर चढतो आणि आकडा सरकत राहतो. ५० मिलिव्होल्टच्या आसपास एसी, १० किलोहर्ट्झ, एवढ्याने सुरुवात करा.