पेसर (वेग राखायला पुढे पळणारा साथीदार) घेऊन केलेला रेकॉर्ड खरा का?

गोदाकाठचा_पळपुटा: सकाळी सोमेश्वरला पळून आल्यावर चहावर वाद झाला. केनियाच्या किपचोगेने २०१९ ला व्हिएन्नात १:५९:४० मध्ये मॅरेथॉन मारली ती रेकॉर्ड धरली नाही, मग बाकीच्यांचे पेसर कसे चालतात?

मिसळनंतर_दहा_किमी: अरे तिथे ४१ पेसर होते, आळीपाळीने मधेच आत यायचे, वर पुढे रस्त्यावर लेझर मारणारी गाडी. नियमाने पेसर पहिल्यापासून पळायला लागतो, दमला की बाहेर.

गोदाकाठचा_पळपुटा: म्हणजे वारा अडवायला माणूस चालतो, फक्त ताज्या दमाचा नको?

सिन्नरकर: तेच. इंग्लंडच्या बॅनिस्टरने १९५४ ला ३:५९.४ मध्ये मैल मारला तेव्हा ब्रॅशर नि चॅटवे पेसर म्हणून पुढे होतेच की. बायकांचा मॅरेथॉन रेकॉर्ड मात्र पुरुषांसोबतचा (तिथे पुरुष पेसर मिळतात) वेगळा, फक्त बायकांच्या रेसचा वेगळा धरतात, ते मला पटतं. बाकी गंगापूर रोडला तू माझ्या मागे लपून पळतोस ते कोण मोजतंय 😄