'पार्लमाँ'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप:
फ्रान्समधल्या १६४८ सालावरचा एक लेख अनुवादते आहे. चौदावा लुई तेव्हा नऊ वर्षांचा. कारभार आई ॲन आणि मंत्री माझारँ यांच्या हाती. अडलंय 'पॅरिसच्या पार्लमाँ'पाशी. मी 'संसद' लिहिलं होतं, इतिहास शिकवणाऱ्या नणंदेने खोडलं. तिथे कुणी निवडून येत नसे, ते न्यायाधीशांचं वरिष्ठ न्यायालय. पण नुसत्या 'न्यायालया'त अर्थ निम्माच येतो. राजाचं फर्मान तिथे नोंदलं जावं लागे आणि नोंदीआधी हरकत घ्यायचा त्यांना हक्क होता. १५ जानेवारीला पोरसवदा राजाला स्वतः तिथे नेऊन करांची फर्मानं नोंदवून घेतली, तिथूनच वर्षभराचा कज्जा पेटला.

बखरवाचक:
'मजलिस' घ्या. आपल्याकडे त्याच शतकात वतनाचे तंटे मजलिशीत निवडत, महजर, म्हणजे निवाड्याचा लेख, तिथेच होई. शिवाय हे न्यायाधीश वतनदारच की! पद विकत घेतलेलं, आणि १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला की ते घराण्यात राही.

सोनकी:
मजलिस म्हटलं की डोळ्यांपुढे विजापूर येतं, पॅरिस नाही. 'न्यायसभा' म्हणा, स्वच्छ शब्द आहे. वतनदाराशी तुलनाही पटत नाही. त्याचा हक्क गावच्या पिकावर, यांचा पगार राजाच्या खजिन्यातून. त्या एप्रिलमध्ये दरबाराने इतर वरिष्ठ न्यायालयांचा चार वर्षांचा पगारच मागितला, म्हणून तर ती सगळी मे महिन्यात पार्लमाँशी हातमिळवणी करून बसली.

बखरवाचक:
आणि 'न्यायसभा' म्हटल्यावर पॅरिस दिसतं? फिर्याद, दावा, वकील हे शब्द आपण कोर्टाच्या पायरीवर रोज बोलतो. त्यातला एकही संस्कृत नाही, कुणाचं अडलं नाही.

भीमथडी:
त्या कज्ज्यातून उठलेल्या बंडाच्या नावाचं काय करताय? 'फ्राँद' म्हणजे चक्क गोफण. पॅरिसच्या खंदकांत पोरं गोफणीने दगड मारत, शिपाई आले की पांगत, ते गेले की पुन्हा जमत. पार्लमाँवाले तसेच वागतात असं कुणी म्हणालं आणि नाव चिकटलं. २६ ऑगस्टला ब्रूसेल या म्हाताऱ्या, लोकांच्या लाडक्या न्यायाधीशाला धरलं, तेव्हा पॅरिसकरांनी साखळ्या ताणून, मातीने भरलेली पिंपं रचून रस्ते अडवले. दोन दिवसांत सोडावं लागलं त्याला. 'गोफणीचं बंड' लिहा. जोंधळा राखायला माळ्यावर बसलेल्या कुणालाही ते कळेल.

तळटीप:
'गोफणीचं बंड' घेतलंच. पण पार्लमाँ?

सोनकी:
पाहा, गोफणही संस्कृतच! सुश्रुतसंहितेत 'गोफणा' नावाचा पट्टीचा बंध आहे, हनुवटी-नाक-ओठांना बांधायचा.

भीमथडी:
वैद्याने पट्टीला नाव दिलं ते गोफण पाहूनच ना? शब्द शेतातून पोथीत गेला. आमची आजी सांगायची, नागाच्या फण्यासारखी पसरते म्हणून गोफण.

बखरवाचक:
मग 'गो' कुठून आला? गाईगुरं हाकायला वापरत म्हणून असेल.

भीमथडी:
गुरं हाकायला काठी पुरते, गोफण पाखरांसाठी. एका दोरीचा फासा बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक चिमटीत धरायचं, डोक्यावरून गरगर फिरवून ते टोक सोडलं की गुंडा, म्हणजे आतला दगड, सुटतो. गुंडा ठेवायच्या विणलेल्या खोलगट जागेला तुमच्याकडे काय म्हणतात? खानदेश-वऱ्हाडातल्या मंडळींनी जरूर सांगा.