मदत हवी आहे: चिंचोक्याच्या पावडरीने डाय हाऊसच्या पाण्यातलं तांबं निघेना

नमस्कार मंडळी,

सोलापुरात रसायनशास्त्रात एमएस्सी करतोय. प्रकल्प आहे नैसर्गिक पॉलिमरमध्ये बदल करून पाण्यातले जड धातू काढण्याचा. सर म्हणाले कायटोसान घे. पण कोळंबीच्या टरफलांपासून होणारी वस्तू सोलापुरात कशाला मागवायची? ताण्याला खळ द्यायची चिंचोक्याची पावडर इथे पोत्याने मिळते.

नुसती पावडर गरम पाण्यात चिकट होऊन बसते. म्हणून सायट्रिक आम्लात भिजवून, वाळवून ओव्हनमध्ये 120 अंशांवर ठेवली. आम्लाचं अनहायड्राइड (पाणी निघून गेलेलं रूप) होऊन ते झायलोग्लुकनच्या (चिंचोक्यातल्या पॉलिमरच्या) साखळ्या एस्टरने बांधतं आणि धातू धरायला कार्बोक्सिल (ऋणभाराचे आम्ल) गट मोकळे राहतात. धुतल्यावर विरघळली नाही, भिजलेल्या रव्यासारखी फुगली फक्त. डिस्टिल्ड पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालून, पीएच 5 ठेवून टाकली, तर पावडर निळसर आणि वरचं पाणी नितळ. एएएसवरही (ज्योतीत नमुना जाळून धातू मोजणारं यंत्र) तांबं उतरलेलं.

अडलंय ते पुढे. ओळखीच्या टॉवेल कारखान्यातून फिरोजी शेडचं पाणी आणलं. पीएच 11 च्या आसपास. गाळलं, आम्लाने 5 वर आणलं, पावडर टाकून रात्रभर शेकरवर ठेवलं. तांबं जवळपास होतं तेवढंच! पावडर वाढवूनही फरक नाही. रंगाच्या पाण्यात मीठ भरपूर असतं, वर बोअरचं कठीण पाणी. सोडियम, कॅल्शियम जागा अडवत असतील का?

प्रतिसाद १
कॅल्शियम थोडा त्रास देईल, पण इतका नाही. पीएच 11 ला सुटं तांबं असतं तर हायड्रॉक्साइड होऊन गाळतानाच बरंचसं मागे राहिलं असतं. तुमचं गाळूनही पाण्यात आहे, म्हणजे ते सुटं नाही. फिरोजीला बहुधा रिॲक्टिव्ह ब्लू 21 हा रंग वापरतात. ते कॉपर फ्थालोसायनिन. तांबं चार नायट्रोजनांच्या मधोमध घट्ट बसलेलं, बाहेर सल्फोनेटचा ऋणभार. तुमचे कार्बोक्सिलही पीएच 5 ला ऋणच, मग जवळ येणार कसे? एएएसच्या ज्योतीत अख्खा रेणू जळतो, म्हणून तिथे तांबं दिसतं.

खात्री करायची तर त्याच पाण्यात थोडं मोरचूद घाला. वाढवलेलं तेवढंच उतरलं, तर पावडरीत खोट नाही.

या पाण्याला धनभाराची पावडर हवी. कायटोसानचे अमिनो गट पीएच 4 ला धनभारित होतात (हे सरांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा). मात्र आम्लात ते विरघळतं, आधी ग्लुटराल्डिहाइडने क्रॉसलिंक करा, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधा. सहासंयुजी क्रोमियमही पाण्यात ऋणच असतं, त्यालाही हेच चालेल.

धागाकर्ता
मोरचूद घालून आजच लावतो. पण चिंचोका सोडवत नाही. त्यालाच क्वाटर्नरी अमोनियम (कायम धनभाराचे) गट जोडता येतील ना?

प्रतिसाद १
येतील. सुती कापड कॅटायनिक (धनभाराचं) करायचं केमिकल असतं, तेच कॉस्टिक सोड्यात चिंचोक्यावर वापरा. रंगवाल्या सप्लायरकडे विचारून बघा. क्रॉसलिंक मात्र सायट्रिकने नको, एपिक्लोरोहायड्रिनने करा. कॉस्टिकमध्ये एस्टर तुटतील. आणि एपिक्लोरोहायड्रिन विषारी आहे, फ्यूम हूडखालीच.