अथेन्सला साडेआठ तासांचा थांबा : आई-वडिलांसह अक्रोपोलिस पाहून होईल का?

गोदाकाठची :

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये मी आई-वडिलांना घेऊन म्युनिकहून, म्हणजे भावाकडून, भारतात परतणार आहे. तिकीट म्युनिक–अथेन्स–दोहा–मुंबई असे असून अथेन्सला आम्ही सकाळी ९:१० ला उतरू आणि दोह्याचे विमान सायंकाळी ५:४० ला सुटेल. तिघांकडेही शेंगेन व्हिसा आहे आणि त्याची मुदत त्या दिवसानंतरही शिल्लक राहते.

वडिलांनी चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. पार्थेनॉनचा धडा आला की ते फळ्यावर खडूने मंदिराचा आराखडा काढून समोरचे आठ आणि बाजूचे सतरा खांब मुलांकडून मोजून घेत असत. ते मंदिर त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवावे, अशी माझी फार इच्छा आहे. अडचण आईच्या गुडघ्याची आहे. सपाटीवर ती अर्धा-पाऊण तास सहज चालते, पण पायऱ्या उतरताना तिला त्रास होतो. एवढ्या वेळात ते मंदिर ज्या अक्रोपोलिस टेकडीवर आहे, तिथे जाऊन येणे शक्य आहे का, की पायथ्याचे संग्रहालय पाहूनच समाधान मानावे? हातातल्या सामानाचे काय करावे, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

पिरियसकर :

नमस्कार ताई. मी नोकरीनिमित्त सहा वर्षांपासून अथेन्सजवळ राहतो आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन अनेकदा वर गेलो आहे. जाऊन येणे शक्य आहे, मात्र साडेआठ तासांपैकी टेकडीसाठी तुमच्या हाती जेमतेम तीन तास उरतील, हे आधीच मनाशी धरून चला.

म्युनिकहून येणारे विमान शेंगेन क्षेत्रातले, म्हणजे आपसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांतले, असल्यामुळे अथेन्सला उतरताना पासपोर्टची रांग लागणार नाही. मोठे सामान थेट मुंबईपर्यंत जाते ना, याची म्युनिकच्या काउंटरवर खात्री करून घ्या. हातातल्या बॅगा विमानतळाच्या आगमन कक्षात पैसे भरून ठेवता येतात आणि त्या तिथेच ठेवाव्यात, कारण मोठ्या बॅगा घेऊन टेकडीवर प्रवेश मिळत नाही. विमानतळावरून मेट्रोची ३ क्रमांकाची मार्गिका साधारण दर अर्ध्या तासाला सुटते आणि सिंताग्मा स्थानकाला चाळीसएक मिनिटांत पोहोचते. तिथे २ क्रमांकाच्या मार्गिकेत बदलले की पुढचेच स्थानक अक्रोपोली. सगळे सुरळीत झाले, तर अकराच्या सुमारास तुम्ही पायथ्याशी असाल. विमानतळाच्या मेट्रोत पाकीटमार असतात, म्हणून पासपोर्ट आणि पैसे अंगालगतच्या पाऊचमध्ये ठेवावेत. परतीला दुपारी दोनला पायथा सोडायचा, त्यात पाच-दहा मिनिटांचीही सूट घेऊ नये.

आईंबद्दल सांगायचे तर, टेकडीच्या उत्तर कड्यालगत २०२० च्या अखेरीस नवी लिफ्ट बसवली आहे आणि माथ्यावर काँक्रीटच्या सपाट वाटाही केल्या आहेत. लिफ्ट व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी आणि ज्यांना चढउतार जमत नाही त्यांच्यासाठी आहे. ती सरसकट सर्वांना मिळत नाही, म्हणून गुडघ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र इंग्रजीत जवळ ठेवा आणि आधी कळवून जा. लिफ्टकडे पश्चिमेच्या मुख्य प्रवेशद्वारातून जातात. जोराचा वारा सुटला तर ती बंद ठेवतात, तेवढे गृहीत धरावे. पायऱ्यांनी जायचे ठरल्यास रबरी तळव्याचे बूट हवेतच. प्रॉपिलियाच्या, म्हणजे महाद्वाराच्या, आसपासचा संगमरवर पावलांनी इतका घासला गेला आहे की कोरड्या दिवशीही पाय सटकतो.

चिरेबंदी :

पिरियसकरांचा वेळेचा हिशेब अगदी बरोबर आहे, पण आईंना वर नेण्याचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि दोन वर्षांपूर्वी असाच सात तासांचा थांबा मिळाला असताना टेकडी आणि संग्रहालय दोन्ही उरकले. ‘उरकले’ हाच शब्द योग्य आहे, कारण संग्रहालयाला मी पाऊण तास दिला आणि त्याची चुटपुट अजून आहे.

२००९ मध्ये उघडलेले हे संग्रहालय म्हणजे टेकडी न चढणाऱ्यांसाठी केलेली तडजोड मुळीच नाही. एरेक्थिऑन मंदिराच्या ओसरीचे छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा स्त्रीमूर्तींपैकी पाच मूळ मूर्ती इथे आहेत. सहावी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि टेकडीवर दिसतात त्या प्रतिकृती. वर त्या लांबून, समोरूनच पाहाव्या लागतात, तर इथे त्यांच्या पाठीमागे जाता येते. मानेवरून पाठीवर उतरलेल्या जाड वेण्या मी तिथे पाहिल्या. प्रत्येकीचा पेड वेगळा आहे, आणि डोक्यावरचा भार पेलताना मान बारीक पडून कमकुवत होऊ नये, ही सोय त्या केसांच्या जाडीनेच साधली आहे, हे जवळून पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले.

सर्वांत वरचे दालन खालच्या मजल्यांपासून किंचित फिरवून बरोबर पार्थेनॉनला समांतर ठेवलेले आहे. मंदिराभोवतीचा शिल्पपट्टा मुळात १६० मीटर लांबीचा होता. त्यातला जो भाग अथेन्समध्ये उरला, तो इथे मूळच्याच क्रमाने लावला असून लंडनला गेलेल्या भागांच्या जागी पांढऱ्या साच्यातल्या प्रती बसवल्या आहेत. जुना दगड मधाच्या रंगाचा आणि प्रती पांढऱ्याफटक असल्याने काय गेले आणि किती गेले, ते चालता चालता दिसते. आणि काचेतून समोर खुद्द मंदिर दिसत असते.

वडिलांना मात्र वर न्यायलाच हवे. पार्थेनॉनचा चौथरा सपाट वाटतो, पण तो मध्यभागी फुगीर आहे. लांब बाजूला हा उठाव सुमारे ११ सेंटीमीटर भरतो. चौथऱ्याच्या एका टोकाशी डोळा नेऊन कडेने पाहिले की रेषा वर चढून पुन्हा उतरताना स्पष्ट दिसते. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेल्या तुर्की दारूगोळ्याचा स्फोट होऊन मधले खांब कोसळले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते उभारताना घातलेले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि त्यांनी संगमरवरच फोडला, म्हणून आता ते काढून टायटॅनियमचे बसवले जातात. जुन्या दगडात नव्या दगडाचे पांढरे ठिगळ जिथे दिसेल, तिथे वडिलांना थांबवून हे जरूर सांगा.

अक्रोपोली स्थानकाजवळच आग्नेयेचे प्रवेशद्वार आहे. आई दुसऱ्या मजल्यावरच्या उपाहारगृहाच्या गच्चीत बसतील आणि तेवढ्यात तुम्ही दोघे दीड तासात वर जाऊन याल.

सुटलेले_विमान :

दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, पण त्याआधी एक गोष्ट तपासावी. तुमची सगळी उड्डाणे एकाच आरक्षणात आहेत का? माझी नव्हती. मी स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली होती. पहिले विमान तीन तास उशिरा आले, तरीही मी टेकडीकडे धावलो आणि परतीच्या वाटेवर मेट्रोची वाट पाहण्यात पंचवीस मिनिटे गेली. दुसरे विमान माझ्याशिवाय निघून गेले आणि नव्या तिकिटाचा पूर्ण खर्च माझ्यावर आला. पत्नी आणि लहान मुलगा सोबत होते. ती रात्र विमानतळाच्या बाकावर काढावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

अक्रोपोलिसचे तिकीट २०२५ च्या एप्रिलपासून ३० युरो झाले असून प्रवेशाची वेळ नेमून दिलेली असते. म्हणून अकराची वेळ घेऊ नका, बाराची घ्या. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. दोह्याला जाताना तुम्ही शेंगेनबाहेर पडणार, तेव्हा पासपोर्टच्या रांगेसाठी वेळ राखून ठेवा. म्युनिकचे विमान तासाभराहून अधिक उशिरा आले, तर टेकडी आणि संग्रहालय दोन्ही सोडून पायथ्याच्या दिओनिसिऊ अरिओपागितू या पादचारी रस्त्याने चालत फिरावे. तिथे तिकीट लागत नाही आणि मान वर केली की दक्षिणेचा तट दिसत राहतो.

गोदाकाठची :

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आरक्षण एकच आहे, आत्ताच तपासले. वडिलांना हे सगळे वाचून दाखवले, तेव्हा चौथऱ्याच्या फुगवट्याचे त्यांना ठाऊक होते, टायटॅनियमचे मात्र नव्हते. पण आईला खाली बसवून एकट्याने वर जायला ते तयार नाहीत. त्यामुळे बाराची तीन तिकिटे काढते, लिफ्टसाठी आजच कळवते आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत प्रमाणपत्र घेते. वाऱ्यामुळे लिफ्ट बंद असली, तर तिकिटांचे पैसे गेले असे समजून तिघेही संग्रहालयात जाऊ. पिरियसकर, अक्रोपोली स्थानकापासून पश्चिमेच्या दारापर्यंतचा चढ आईला झेपेल का, की सिंताग्मालाच टॅक्सी करावी?

पिरियसकर :

टॅक्सीच करावी. तो रस्ता फरसबंदीचा आणि सुंदर आहे, पण चढ सलग पंधरा-वीस मिनिटांचा आहे आणि आईंचे गुडघे माथ्यावरच्या वाटांसाठी राखून ठेवायला हवेत. सिंताग्मा चौकात टॅक्सी लगेच मिळते. चालकाला ‘पश्चिमेचे मुख्य प्रवेशद्वार’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर तो संग्रहालयापाशी उतरवेल.