गणिताच्या उन्हाळी शिबिरात समुपदेशक आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. खानापूरजवळ आठवी-नववीच्या मुलांचं तीन आठवड्यांचं निवासी गणित शिबिर चालू आहे. शिकवायला दुसरे आहेत, माझं काम मुलांशी बोलणं, रडणाऱ्यांना सांभाळणं आणि पालकांचे फोन घेणं.

एक मुलगी आहे, मराठी माध्यमाची. गावच्या शाळेत कायम पहिली, इथं शिकवणं इंग्रजीतून, तर तोंड उघडत नाही. उत्तर लिहिते, खोडते, परत लिहिते, वहीचं पान पार फाटलं. परवा सरांनी एलसीएम विचारला तर मान खाली. नंतर मी जवळ बसून म्हटलं, "अगं, लसावि!" तर तिनं झटक्यात काढून दिला. शेजारचा कन्नड माध्यमाचा पोरगा म्हणाला, "आमच्यात लसाअ म्हणतात." तिघंही हसलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "मॅडम, मला घरी जायचंय."

गणिती कापरेकरांच्या ६१७४ चा खेळ घेतला (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमानं लावायचे, त्यातून चढत्या क्रमानं लावलेली संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच) तेव्हा तेवढी रमली. ३५२४ घेऊन ५४३२ वजा २३४५, असं करत तिसऱ्या वजाबाकीला ६१७४ आलं, तर टाळ्याच वाजवल्या. त्यात भाषा लागत नाही ना!

वडील म्हणतात, "दहावीनंतर पीयूसी (म्हणजे आमच्या कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतच, आत्तापासून सवय होऊ दे." खोटं नाही, पण घाई वाटते.

तिला थांबवू की पाठवू? मराठीतून शिकून पुढे सायन्सला गेलेल्यांनी सांगा, पहिले महिने कसे काढलेत? आणि असे बिनभाषेचे खेळ असतील तर तेही पाठवा. शिबिराचे अजून दहा दिवस आहेत.