गुडघा बरा झालाय, पण लांब उडीत बोर्डाच्या आधी पाय आखडतो

लांब_उडी:
डाव्या गुडघ्याचं एसीएल (सांधा धरून ठेवणारा आतला अस्थिबंध) तुटलं होतं, नेमका टेक-ऑफचा, म्हणजे उडी घ्यायचा पाय. ऑपरेशनला वर्ष होत आलं. सर्जननी परवानगी दिलीय. ताकदीच्या चाचण्यांत डावा पाय उजव्याच्या ९० टक्क्यांपुढे आहे. स्क्वॉट, स्प्रिंट, कशातच दुखत नाही. पण पूर्ण रन-अप घेतला की शेवटून दुसऱ्या पावलाला, जिथे अंग जरा खाली यायला हवं, तिथेच मी आखडते आणि बोर्डावरून, म्हणजे जिथून उडी घ्यायची त्या फळीवरून, नुसती पळत निघून जाते. सर म्हणतात, "मनातून काढून टाक." कसं काढायचं? रात्री पडल्यावर गुडघ्यातला तो 'कट्' आवाज ऐकू येतो. गटातल्या मुलीची उडी छान पडली की आनंदाआधी जळफळाट होतो, त्याचा त्रास सगळ्यात जास्त. कुणी यातून गेलंय का?

खेळ_फिजिओ:
भीती हुकूम देऊन जात नाही. आधी एक विचारते: सरावानंतर दुसऱ्या दिवशी सूज येते का? गुडघा निसटल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर आधी तपासून घ्या. शिवाय घरी बसून उजवा पायही थोडा अशक्त झालेला असतो, त्यामुळे ९० टक्के हा आकडा कधीकधी फसवा निघतो.
दोन्ही ठीक असेल तर एसीएल-आरएसआय ही प्रश्नावली मागून घ्या. पुन्हा दुखापतीची भीती आणि गुडघ्यावरचा विश्वास मोजायलाच ती आहे, २००८ मध्ये आली. तुम्ही एकट्या नाही. २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतलेले दिसले, पण स्पर्धात्मक खेळात ५५ टक्केच. तो आवाज झोप मोडत असेल तर क्रीडा मानसशास्त्रज्ञाला भेटाच, थांबू नका.

तिहेरी_उडी_निवृत्त:
ताई, माझं घोट्याचं होतं, पण पळत निघून जाणं अगदी हेच. मला उपयोगी पडलं ते सांगतो. पूर्ण रन-अप सध्या बंद. प्रत्येक वेळी न उडता पुढे गेलात की शरीर तेच पक्कं करतं. चार-सहा पावलांवरून उड्या मारा, बोर्डाऐवजी रुंद पट्टा आखा. धावायच्या आधीच ठरवा, ही उडी की नुसती धाव. अर्धवट मनाने सुटायचं नाही. प्रत्येक उडीनंतर भीतीला शून्य ते दहा आकडा द्या आणि तो खाली आला की एकच गोष्ट वाढवा, पावलं किंवा बोर्ड, दोन्ही एकदम नाही.
जळफळाटाचं मनाला लावून घेऊ नका. जे हातून गेलं ते समोर दिसतं तेव्हा असं होतंच.

कुस्तीप्रेमी:
विनेश फोगाट २०१६ ला रिओत गुडघा मोडून स्ट्रेचरवर गेली, २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सुवर्ण. ही गोष्ट सांगताना सगळे मधली दोन वर्षं एका वाक्यात उरकतात. तुम्ही आत्ता त्या मधल्या भागात आहात.

लांब_उडी:
सूज नाही, निसटतही नाही. सहा पावलांपासून सुरू करते. प्रश्नावलीचं उद्याच विचारते. तो भीतीचा आकडा सरांना सांगायचा की आपल्यापुरता ठेवायचा?

तिहेरी_उडी_निवृत्त:
सांगायचा. आणि पुढच्या उडीच्या आधी, म्हणजे त्या दिवशी किती पावलांचा रन-अप द्यायचा हे त्यांना ठरवता येईल.